जुन्या कपड्यांचा धंदा: खरेदीपेक्षा हाताळणी महाग पडते

नव्या कपड्यांच्या दुकानात एका डिझाइनचे चाळीस कुर्ते येतात. एक फोटो काढला, मापं एकदा लिहिली, एक किंमत लावली, की चाळीस नग विकायला तयार. जुन्या कपड्यांत प्रत्येक नग एकुलता एक असतो. प्रत्येकाची पाहणी वेगळी, डाग वेगळा, माप वेगळं, फोटो वेगळा; आणि एवढं सगळं करून तो एकदाच विकला जातो. हे ध्यानात न घेता ‘माल तर स्वस्तात मिळतोय’ म्हणून धंदा सुरू केला, की घरात पोती साठत जातात, हाताला उसंत मिळत नाही आणि महिनाअखेर पदरात काही पडत नाही. म्हणून या धंद्यात सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे माल नाकारणं. पुढे जे काही सांगितलंय, ते सांगली-मिरज-कुपवाड परिसरात घरातून किंवा छोट्या गाळ्यातून सुरुवात करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून.

शंभर नगांचा हिशोब

समजा, सरसकट ४० रुपये नग या भावाने १०० कपडे उचलले. ४,००० रुपये गेले. घरी आणून पाहिलं तर ३५ नग बाद: कुणाची कॉलर विरलेली, कुणाचं इलॅस्टिक गेलेलं, कुणाच्या बगलेत पिवळे डाग. उरले ६५. म्हणजे विकण्याजोगा नग आपल्याला ४० नव्हे, साधारण ६१ रुपये ५० पैशांना पडला. आता प्रत्येक नगामागे धुलाई १५, दुरुस्ती सरासरी २०, इस्त्री ८, टॅग आणि पिशवी ६, आणि मापं-फोटो-नोंद यांत जाणारा पाव तास. तासाला ६० रुपये धरले तरी त्याचे १५. ही बेरीज ६४ होते. म्हणजे तयार नग १२५ रुपये ५० पैशांचा आणि ६५ नगांचे जवळपास ८,१६० रुपये.

विक्रीत ४० नग ३०० रुपयांनी गेले, १५ नग भाव उतरवून २०० ला दिले, १० पडून राहिले. आले १५,०००. वरवर ६,८४० सुटले. त्यातून भाडं, नेटचा खर्च, मालासाठीची फिराफिर आणि परत आलेले नग वजा करायचे आहेत. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे स्वतःचे घालून बघा. पण गणिताची घडण बदलत नाही. हाताळणीचे ६४ रुपये खरेदीच्या ४० पेक्षा जास्त आहेत, आणि नग १०० रुपयांना विका नाहीतर ६०० ला, हाताळणी जवळपास तेवढीच राहते. म्हणूनच शंभर-दीडशेला विकायचे टी-शर्ट एकेकटे फोटो काढून विकणं परवडत नाही. ते स्टॉलवर ढीग लावूनच विकावेत.

आता हाच माल ६० रुपये नगाने, पण गाठोड्यातून आपल्या हाताने निवडून घेतला असं धरू. शंभरातले १० बाद झाले तर विकण्याजोगा नग ६६ रुपये ६७ पैशांना पडतो. आधीपेक्षा पाचच रुपये जास्त. पण हातात ६५ ऐवजी ९० नग येतात आणि बाद मालाचं गाठोडं ३५ वरून १० वर येतं. भावात घासाघीस करण्यापेक्षा निवडू देण्याचे पैसे मोजणं केव्हाही फायद्याचं.

स्वतःच्या वेळेचा भाव मात्र शून्य धरू नका. ‘घरचंच काम आहे’ म्हणून तो धरला जात नाही आणि धंदा तोट्यात आहे हे वर्षभर कळतच नाही.

माल कुठून घ्यायचा

सगळ्यात चांगला माल थेट घरांतून येतो. दिवाळीची साफसफाई, लग्नसराई संपल्यावरचा मे-जून आणि परीक्षा आटोपून हॉस्टेल सोडणारी मुलं, हे तीन हंगाम पकडा. वालचंद, विलिंग्डन आणि मिरजेचं मेडिकल कॉलेज यांमुळे विश्रामबाग-मिरज पट्ट्यात दरवर्षी अशी हॉस्टेलं आणि खोल्या रिकाम्या होतात. घरी जाताना दर ठरवूनच जा: जीन्सला इतके, कुर्त्याला इतके, काठापदराच्या साडीला पाहून. घरमालकिणीसमोरच निवडा आणि नको ते लगेच परत द्या. ‘आता काढलंच आहे, तर सगळंच घेऊन जा’ असा आग्रह होतो. तो मानलात, तर त्यांची अडगळ तुमच्या घरी आली एवढंच होतं.

बोहारणी हा दुसरा मार्ग, आणि तो कमी लेखू नका. भांड्यांवर कपडे घेणाऱ्या या बायकांना कोणत्या गल्लीत कसा कपडा निघतो ते पाठ असतं आणि कापड बोटांनी ओळखता येतं. वेळच्या वेळी रोख पैसे द्या, निवडण्याचा भाव आधी बोला आणि एकीशी बोललेला भाव मोडू नका. ओळख पक्की झाली, की सुती नऊवारी, इरकल, चांगल्या जीन्स त्या तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

महागड्या साड्या, शालू, शेरवानी, ब्लेझर विकत घेण्यापेक्षा कमिशनवर ठेवावेत. विकले गेले, की ठरलेला वाटा मालकाला. निम्मा किंवा ६० टक्के. मुदत ६० दिवस. नगाचं वर्णन, आधीचे दोष, किमान किंमत आणि मुदतीनंतर काय करायचं हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. बहुतेक वाद ‘आमच्या साडीला हा डाग नव्हता’ यावरून होतात. म्हणून घेतानाच पदर, काठ आणि मधला भाग यांचे फोटो काढा. गाव लहान आहे; आपली साडी कुणी ओळखेल ही काळजी मालकांना असते, तेव्हा नाव कुठेही येणार नाही हे आपणहून सांगा.

परदेशी जुन्या कपड्यांच्या गासड्यांचं आकर्षण खूप असतं. वापरलेल्या कपड्यांची आयात भारतात निर्बंध असलेल्या मालाच्या यादीत आहे, तिला परवाना लागतो. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात असा माल निवडणारे कारखाने आहेत. गासडी विकणारा पक्कं बिल देत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. दुसरी अडचण रोजच्या व्यवहारातली: गासडी न उघडता घ्यावी लागते, मापं परदेशी अंगाची असतात आणि जाड जॅकेटं बरीच निघतात. सांगलीच्या हवेत ती वर्षभर पडून राहतात.

अंतर्वस्त्रं, मोजे, पोहण्याचे कपडे कधीच घेऊ नका. पोलीस किंवा लष्कराचे गणवेशही नाहीत. घरातलं माणूस गेल्यावर काढलेले कपडे आहेत का, हे विचारून घ्या. पुष्कळ गिऱ्हाइकं हा प्रश्न विचारतात आणि त्यांना खरं उत्तर देता आलं पाहिजे. शाळेचे गणवेश मात्र जरूर घ्या. मुलं वर्षात वाढतात, कापड धड असतं आणि जूनमध्ये मागणी हमखास असते. फक्त शाळेप्रमाणे वेगळे गठ्ठे करा.

खिडकीपाशी उभं राहून

पाहणी ट्यूबलाइटखाली करू नका. दिवसा, खिडकीशी, कपडा उजेडाच्या आड धरून करा. क्रम ठरलेला असावा, म्हणजे काही सुटत नाही: कॉलर, बगला, कोपरे, बाह्यांची टोकं, पुढची बटणपट्टी, खालची दुमड. पॅन्टला आधी मांड्यांच्या आतली बाजू आणि बैठक, मग चेन, मग खिसे. उजेडात जिथे विणीचे धागे मोकळे दिसतात, तिथे कापड दोन-चार धुण्यांत फाटणार. मग तो ब्रँड कितीही मोठा असो, नग बाद.

स्ट्रेचचा कपडा कानाजवळ धरून ताणा. आतलं रबर मेलं असेल तर बारीक करकर ऐकू येते आणि सोडल्यावर कापड मूळ जागी येत नाही. याला दुरुस्ती नाही. चामड्यासारख्या दिसणाऱ्या पीयूच्या जॅकेटचा पापुद्रा दमट हवेत सुटतो. कोपरावर नखाने हलकं खरवडून बघा. पॉलिएस्टरच्या व्यायामाच्या कपड्यांचा घामट वास धुऊनही जात नाही, कारण अंगाचं तेल त्या धाग्याला धरून बसतं. तेही नकोत.

साडीला वेगळा डोळा लागतो. खालच्या काठाला टाचेने घासलेलं असतं, खांद्यावर पिनेची भोकं असतात, बैठकीच्या जागी कापड विरतं. पदर आणि कमरेत खोचला जाणारा भाग बहुधा धड निघतो. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली, की घडीच्या रेषेवर रेशीम तडकतं. घडी उलगडून रेषेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवा आणि हलकेच ताण द्या. बारीक टर्र असा आवाज आला किंवा आडवे धागे सुटताना दिसले, तर ती साडी नेसण्यासाठी विकू नका. नेसलेली साडी समारंभातच फाटेल आणि ते गिऱ्हाईक कायमचं जाईल. तडकलेल्या रेषांमधला भाग मात्र बटव्याला, ब्लाउजच्या बाह्यांना, उशीच्या अभ्र्याला उत्तम चालतो. जुन्या जरीत खरी चांदी असू शकते. पैठणी किंवा शालू हाती आला, तर सराफाकडून जरीची तपासणी करून घेतल्याशिवाय भाव ठरवू नका.

लेबल नसेल तर कापड कसलं आहे हे जाळून कळतं. आतल्या शिवणीच्या दुमडीतून दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा, स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. व्हिस्कोसही तसाच जळतो, पण तो ओला झाल्यावर कमजोर पडतो, म्हणून धुताना पिळू नका. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत लवकर विझते आणि बोटांत चुरडणारा काळा गोळा राहतो. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर येतो आणि थंड झाल्यावर न फुटणारा टणक मणी उरतो. ‘सिल्क’ म्हणून आलेल्या साड्यांपैकी बऱ्याच इथेच उघड्या पडतात. वितळलेला थेंब बोटाला चिकटून भाजतो, त्यामुळे हातात धरून ही परीक्षा करू नये.

धुणं, आणि जिथे माल बिघडतो ती ठिकाणं

आणलेला माल थेट कपाटात जाता कामा नये. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वर तारीख लिहून, आठवडाभर वेगळा ठेवा. खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपुढे सहसा जगत नाहीत. ढेकणांचं तसं नाही, ते महिनोन्‌महिने उपाशी राहतात. त्यांना उष्णताच लागते. सुती कपडे ६० अंश सेल्सिअसला धुतले की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. लोकर-रेशीम गरम पाण्यात जात नाही, तेव्हा ते हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा एवढा थंड होत नाही.

धुण्याआधी रंगाची परीक्षा: आतल्या बाजूला ओलं पांढरं फडकं दहा-बारा वेळा घासा. फडक्याला रंग लागला, तर तो नग एकटा, थंड पाण्यात, झटपट धुवायचा. इरकल आणि गडद लाल-किरमिजी सुती साड्यांत हे फार होतं. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो या समजावर विसंबू नका. तयार कपड्याच्या सुटत्या रंगाला मीठ सहसा आवरत नाही.

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि पांढऱ्या कपड्यावर राखाडी छटा चढते. सुती धुण्यात दहा लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घातला, की फरक दिसतो. रेशीम-लोकरीला सोडा लावू नये. धाग्याची चमक मरते.

पिवळट पडलेल्या सुती आणि सुती-मिश्र कपड्यांना सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, हा सर्वांत उपयोगी पदार्थ. दहा लिटरच्या बादलीत ४० ते ५० अंशांचं पाणी, त्यात ५० ते ६० ग्रॅम पावडर, कपडा दोन ते चार तास पूर्ण बुडालेला. पाणी गार असेल तर पावडर नीट कामच करत नाही. बहुतेकांचा अपेक्षाभंग तिथेच होतो. तयार केलेलं पाणी झाकण लावून बाटलीत भरून ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. रेशीम-लोकरीला हेही वर्ज्य.

बगलेतले पिवळे डाग घाम आणि डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून पडतात. त्यांवर क्लोरीनचं ब्लीच ओतलं की ते आणखी पिवळे होतात. परकार्बोनेटच वापरा, आणि दोन वेळा भिजवूनही गेले नाहीत तर नग सोडून द्या. आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे: क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याने घाबरून घासत बसू नका. अल्कलीत हळद लालच होते. धुऊन, ओला असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन दिवसांत फिका पडतो. रक्ताला थंडच पाणी, गरम पाण्याने डाग पक्का होतो. शाईला सर्जिकल स्पिरिट कापसाने टिपून लावा, खाली जुनं फडकं धरून. पान-तंबाखूचे डाग आणि बुरशीचे काळे ठिपके यांच्या नादी लागू नका. त्यात जाणारा वेळ कधीच भरून येत नाही. डांबरगोळीचा वास घालवायला अत्तर किंवा स्प्रे मारला, तर दोन्ही वास येतात. चार-पाच दिवस वाऱ्यावर सावलीत टांगून ठेवणं हाच उपाय.

दुरुस्तीला एक मर्यादा घालून घ्या. बटण, उसवलेली शिवण, साडीचा फॉल, चेनची सरकती कडी (रनर) बदलणं, गोळे आलेल्या स्वेटरवर मशीन फिरवणं, एवढंच. पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त काम असलेला नग फक्त तो महाग विकणार असेल तरच हाती घ्या. जीन्सची अख्खी चेन बदलणं आणि अस्तर बदलणं हे सहसा परवडत नाही.

मापं, फोटो आणि खरं बोलणं

लेबलवरच्या ‘एम’ आणि ‘एक्स्एल’ला काही अर्थ नसतो, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, त्यात धुऊन कपडा आटलेला. कपडा सपाट पसरून टेपने मोजा: छाती बगलेपासून बगलेपर्यंत, खांदा, बाही, लांबी, पॅन्टला कमर, सीट, आतल्या शिवणीची लांबी आणि कमरेपासून मांडीच्या सांध्यापर्यंतची उंची. कुर्ता आणि ब्लाउजच्या आत किती कापड दाबलेलं आहे, तेही लिहा. ‘दोन इंच उसवता येईल’ एवढ्या एका ओळीवर नग विकला जातो. गिऱ्हाइकाला स्वतःच्या अंगाचं नव्हे, तर कपाटातल्या नीट बसणाऱ्या कपड्याचं माप घेऊन ताडून बघायला सांगा. परत येणारे नग यानेच सर्वांत कमी होतात.

फोटो दाराच्या सावलीत, सकाळच्या उजेडात, नेहमी एकाच भिंतीपुढे. दोष असेल त्या जागी दहा रुपयांचं नाणं ठेवून जवळून फोटो काढा, म्हणजे डाग केवढा आहे ते बघणाऱ्याला कळतं. दोष दाखवल्याने विक्री कमी होत नाही, विश्वास वाढतो. या धंद्यात पुन्हा पुन्हा येणारं गिऱ्हाईक त्यावरच मिळतं. नियम सोपा ठेवा: सांगितलेला दोष असेल तर परत नाही, न सांगितलेला निघाला तर पूर्ण पैसे परत.

पर्यावरणाबद्दलही तेवढंच खरं बोला. एका सुती टी-शर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. पण ते पाणी वाचतं कधी, तर गिऱ्हाइकाने नव्याऐवजी जुना घेतला तेव्हा. स्वस्त मिळाला म्हणून गरज नसताना पाचवा टॉप घेतला, तर काही वाचलं नाही. म्हणून ‘आमच्याकडून घ्या आणि पृथ्वी वाचवा’ असं लिहिण्यापेक्षा ‘हा कपडा अजून तीन-चार वर्षं सहज टिकेल’ असं, तपासून, लिहा.

बनावट ब्रँड जुना झाला म्हणून खरा होत नाही. ‘फर्स्ट कॉपी’ विकणं ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा ठरतं. शंका असेल तर ब्रँडचं नाव न लिहिता विकू, असंही नको. तो नग घेऊच नका.

कुणाला, कधी

‘दुसऱ्याच्या अंगावरचं’ ही अढी आपल्याकडे आहे, पण सगळीकडे सारखी नाही. बाळाला जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं आपण आपणहून घालतो, मावसभावाचे कपडे धाकट्याला चालतात. म्हणून लहान मुलांचे कपडे, गणवेश, समारंभाचे कपडे आणि जीन्स यांना अढी कमी आड येते. रोजच्या वापराच्या साड्या-ड्रेसना जास्त. सुरुवात पहिल्या गटापासून करा.

हंगामाचा फायदा ठरवून घ्या. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या लागतात आणि एका दिवसासाठी नवी साडी घेणं प्रत्येकीला जमत नाही. ऑगस्टपासूनच माल रंगाप्रमाणे लावायला घ्या. त्या वर्षीची रंगांची यादी आली, की प्रत्येक रंगाचे आठ-दहा नग बाहेर काढता येतात. मंगळागौर, गौरी-गणपती आणि कॉलेजांचे ट्रॅडिशनल डे यांसाठी नऊवारी आणि धोतर-फेटे विकण्यापेक्षा भाड्याने जास्त चालतात. भाड्याला अनामत घ्या आणि परत येताना गिऱ्हाइकासमोर उलगडून पाहा.

इन्स्टाग्रामवर रोज एक-एक नग टाकण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी पंचवीस-तीस नग एकदम टाकावेत. पहिली कमेंट ज्याची त्याचा नग, अर्ध्या तासात यूपीआयने पैसे आले नाहीत तर पुढच्याला, हे आधीच लिहिलेलं असावं. कुरिअरचे दर बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतात. कुर्ता दोन-तीनशे ग्रॅमचा असतो, जीन्स सहा-सातशे ग्रॅमची, त्यामुळे जीन्सचा पाठवणीखर्च एक टप्पा वर जातो. पाठवणी किमतीत धरायची असेल तर आधी टांगता काटा आणा.

प्रत्येक नगाला क्रमांक आणि आल्याची तारीख हवीच. ४५ दिवसांत गेला नाही तर भाव पाव हिश्शाने उतरवा, ९० दिवसांत नाही तर तो विक्रीतून काढा. आवडत्या नगावर जीव जडतो आणि तो वर्षभर टांगलेला राहतो. त्याची जागा आणि त्यात अडकलेले पैसे दोन्ही नव्या मालाला हवे असतात.

कागदपत्रं

वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी नव्हे, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा.

जीएसटीला फक्त मालाचा व्यापार असेल, तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण इथे सांगलीकरांना एक खाच लागते: परराज्यात माल पाठवला, तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी बंधनकारक होते. निपाणी, अथणी, बेळगाव आपल्याला घरच्यासारखी. कायद्याला ती कर्नाटकात आहेत. नोंदणी नसेल तर पानावर ‘फक्त महाराष्ट्रात पाठवतो’ असं स्पष्ट लिहा.

नोंदणी घेतलीत, तर जुन्या मालाचा व्यापार करणाऱ्यांसाठी जीएसटीच्या नियम ३२(५) मध्ये मोठी सवलत आहे. खरेदीवरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे आधी भरलेल्या कराची वजावट, घेतलं नसेल आणि कपड्याचं स्वरूप बदललं नसेल, तर कर पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. १०० ला घेतलेला कुर्ता ३०० ला विकला, तर कर २०० रुपयांवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांना नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून महाग नगाला १८ टक्के दर आहे; जुन्या मालाला नेमका कोणता दर लागतो ते करसल्लागाराकडून पक्कं करून घ्या. धुणं, बटण लावणं ही किरकोळ प्रक्रिया झाली. साडीचा कुर्ता शिवलात तर मात्र ती वेगळी वस्तू होते आणि ही सवलत मिळत नाही. फरक दाखवता यायला प्रत्येक नगाची खरेदी लिहिलेली लागते. म्हणून क्रमांकाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

जागा आणि पूर

सांगलीत गाळा बघताना भाड्याआधी पाणी विचारा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ ला त्या गल्लीत पाणी कुठवर होतं, हे शेजाऱ्यांना विचारा. भिंतीवरची रेघही ते सांगते. तळमजला घ्यावाच लागला, तर जुलै-ऑगस्टात साठा कमीत कमी ठेवा आणि माल खोक्यांत नको, दोन माणसांना उचलता येतील अशा झाकणाच्या क्रेटमध्ये ठेवा. पुराचं पाणी लागलेला कपडा गाळ आणि मैल्यामुळे विकण्याजोगा राहत नाही.

पाऊस नसला तरी दमट हवेत घडीत बुरशी धरते. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून रॅक लावा, पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलच्या पुरचुंडीत ठेवा आणि दर दोन महिन्यांनी बदला. जरीच्या साड्या मऊ सुती कापडात गुंडाळा, लोखंडी कपाटाला टेकू देऊ नका आणि तीन महिन्यांनी घडी बदला.

जे विकलं जात नाही

कितीही निवडून घेतलं तरी काही माल उरतोच, आणि त्याची वाट आधी ठरली नसेल तर तो शेवटी कचराडेपोत जातो. मऊ सुती साड्या आणि लुगडी वाकळ (गोधडी) शिवणाऱ्या बायकांना द्या. एका मोठ्या वाकळेला तीन ते पाच साड्या सहज लागतात. तयार वाकळ विकणार असाल तर शिलाईचे पैसे दिवसावर नको, वाकळेवर ठरवा, आणि धावदोऱ्याची ओळ किती जवळ हवी ते नमुना दाखवून बोला; मजुरी त्या अंतरावरच ठरते. जीन्सच्या मांडीखालचा भाग जाड आणि धड असतो, त्याच्या पिशव्या होतात.

सुती टी-शर्ट, बनियनचं कापड आणि विरलेल्या चादरी यांना कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये आणि गॅरेजांत पुसणीसाठी मागणी असते. साधारण फूटभराचे चौकोन कापा. बटण, चेन, हूक एकही राहू देऊ नका. धातूचा तुकडा राहिला तर घासून गुळगुळीत केलेल्या भागावर ओरखडा पडतो आणि ते वर्कशॉप पुन्हा माल घेत नाही. पॉलिएस्टर यात मिसळू नका, ते पाणी फारसं शोषत नाही. शिवणी कापून टाका आणि पुसणी किलोवर विका.

लोकरीचे आणि ॲक्रिलिकचे फाटके स्वेटर पानिपतच्या कारखान्यांत पिंजून पुन्हा सूत होतात. तिथवर पोचायला भंगारवाल्याच्या साखळीतून जावं लागतं आणि पोतंभर मालाला कुणी विचारत नाही, त्यामुळे ओळखीच्या दोन-तीन विक्रेत्यांनी मिळून साठवावं. मिश्र धाग्यांच्या कपड्यांना मात्र अशी सोपी वाट नाही. लेबलवर पॉलिएस्टर, कॉटन आणि स्पॅन्डेक्स अशी खिचडी दिसली आणि कपडा पहिल्या दर्जाचा नसेल, तर तो दारातच परत करावा.